जिवाणी सोडायची कुठे?



आमच्या माळ्यावर तांब्याची एक लहान कळशी पडून आहे. तिच्या बुडाला बाहेरून कडी आहे. दिवाळीच्या आवराआवरीत सूनबाईंच्या हाती लागली, तर म्हणाली, "आत्ती, ही उलटी टांगायची असते का?" बिचारीने चांगला प्रयत्न केला. मग तिला सांगत बसले. पाणी गाळल्यावर गाळण्यात जे सूक्ष्म जीव राहतात ते मोरीत टाकायचे नाहीत. गाळणं गाळलेल्या पाण्याने अलगद उलटं धुऊन ते पाणी या कळशीत घ्यायचं. एक दोरी वरच्या कडीला, दुसरी बुडाच्या कडीला. कळशी विहिरीत सरळ सोडायची, पाण्याला टेकली की बुडाची दोरी ओढायची, म्हणजे ती पाण्यातच कलंडते आणि जीव आपल्या घरी जातात. वरून ओतलं तर तीस फुटांवरून आपटून मरतील, म्हणून ही सगळी खटपट. आणि ज्या विहिरीचं पाणी, जिवाणी त्याच विहिरीत. मळ्यातल्या विहिरीची बस्तीच्या विहिरीत सोडली तर सासूबाई मला दोन दिवस ऐकवत असत.

सूनबाई नीट ऐकून घेऊन म्हणाली, "मग आता कुठं सोडायची?"

आमच्याकडे आता बोअर आहे. सहा इंचाच्या पाइपात कळशी जात नाही.

हा प्रश्न मी गेल्या भाद्रपदात, दशलक्षणात, उत्तम संयमाच्या दिवशी बस्तीत विचारला होता. महिला मंडळाने मला दहा मिनिटं बोलायला दिली होती. धूप दशमी असल्याने गर्दीही चांगली होती. मी पाण्यावरून सुरुवात केली आणि पंचगंगेवर आले, तसे पुढच्या रांगेतले एक ज्येष्ठ श्रावक उठून म्हणाले, "वहिनी, पर्वाचे दिवस आहेत. धर्माचं बोला. नदीचं बघायला सरकार हाय." लोक हसले. मी माइक देऊन टाकला आणि खाली बसले. त्या दिवशी जे राहिलं ते इथे लिहिते आहे. इथे माइक माझा आहे.

आधी चौक्याची गोष्ट सांगते, कारण माझ्या डोक्यात हे सगळं तिथून सुरू झालं. तीन वर्षांपूर्वी आमच्या गावात आर्यिका माताजींचा चातुर्मास झाला. चौका लावायचा म्हणजे पाणी विहिरीचं हवं, नळाचं किंवा बोअरचं चालत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. आम्ही सात-आठ जणी विहीर शोधायला निघालो. बस्तीच्या विहिरीत निर्माल्य, नारळाच्या शेंड्या, प्लास्टिकच्या पिशव्या आणि कुणी तरी टाकलेली मोडकी खुर्ची. गावविहिरीवर ग्रामपंचायतीने स्लॅब टाकून वर बाक केला आहे, संध्याकाळी म्हातारी मंडळी त्यावर बसतात. नदीकाठच्या मळ्यांतल्या तीन विहिरी पाहिल्या, त्यांच्या पाण्याला वास. चौथीचं पाणी इतकं मचूळ की डाळ शिजेना. शेवटी दुसऱ्या गावाहून, नदीपासून लांब माळावरच्या एका विहिरीतून, रोज पहाटे मोटारसायकलवर कॅन बांधून पाणी आणलं. चार महिने.

सगळ्यांनी आमचं कौतुक केलं. केवढी भक्ती, म्हणाले. आम्हालाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण विहिरींनी भरलेल्या, नदीकाठच्या गावात साध्वीला पाजायला घोटभर पाणी सापडत नाही, याची लाज एकालाही वाटली नाही, आणि तेव्हा मलाही नाही.

आमचा शिरोळ तालुका म्हणजे नद्यांचा तालुका. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त समजली जाणारी सरस्वती मिळून पंचगंगा होते. कोल्हापूरजवळ प्रयाग चिखलीला तिचा संगम, आणि आमच्याकडे नरसोबावाडीला ती कृष्णेला मिळते. उगमाकडे राधानगरी-दाजीपूरचं जंगल आहे, ज्याच्या जिवावर उन्हाळ्यातही भोगावती वाहते. त्या बाजूच्या सड्यांवर बॉक्साइटसाठी खोदकाम झालं. वरून बोडका दिसणारा सडा पावसाचं पाणी धरून ठेवतो आणि सावकाश झिरपवतो, हे आपल्या आज्या-पणज्यांना कळत होतं. पण जंगलाबद्दल मी फार बोलणार नाही. ते माझ्या रोजच्या वाटेवर नाही. नदी आहे.

कोल्हापूर शहराचं सांडपाणी जयंती नाल्यातून आणि इतर नाल्यांतून येतं. इचलकरंजीत गावाचं सांडपाणी आणि कापड रंगवण्याच्या प्रोसेसचं पाणी येतं. काठावरच्या गावांच्या गटारी आहेत. कारखान्यांची मळीमिश्रित पाणी सोडण्याची जुनी खोड आहे. शेतातून रासायनिक खत धुऊन येतं, त्यावर केंदाळ माजतं. एवढं सगळं नदीत येतं, आणि आमची नदी धड वाहतही नाही. पावसाळा संपला की कोल्हापुरी बंधाऱ्यांना बरगे घालतात, पाणी तुंबतं. घाण कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू ओढून घेते. मासे श्वासासाठी वर येऊन तोंडं उघडतात, आणि मरतात. मग खालच्या गावांनी आरडाओरडा केला की बरगे काढून ते काळं पाणी पुढे ढकलायचं. तेरवाड, शिरोळच्या बंधाऱ्यांजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याची बातमी जवळजवळ दरवर्षी येते. एकदा मी स्वतः पाहिला. पांढरी पोटं वर करून पडलेले, काठापर्यंत. नाकाला पदर लावून उभी होते. शेजारी एक भोई बाई रडत होती. तिची रोजी गेली होती आणि तिला त्यातल्या प्रत्येक माशाचं नाव येत होतं. मला एकही येत नव्हतं. आमच्या घरात माशाचं नाव घेत नाहीत, तोंड विटाळतं म्हणून.

त्या रात्री मला झोप आली नाही. पंचेंद्रिय जीव, मैत्रिणींनो. कंदमुळातला अनंतकाय नव्हे, डोळ्यांना न दिसणारा निगोद नव्हे. पाच इंद्रियांचा, ज्याच्या वेदनेबद्दल कुठल्याही ग्रंथाला शंका नाही असा जीव, लाखोंनी. बस्तीत त्याबद्दल एक शब्द नाही. आणि त्याच आठवड्यात मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर तावातावाने चर्चा कशाची, तर एका लग्नातल्या पावभाजीत बटाटा होता की कच्चं केळं.

आपल्या लोकांना रस्त्यावर येता येत नाही असं कुणी म्हणू नये. २०२३ च्या जानेवारीत सम्मेद शिखरजीसाठी देशभर मोर्चे निघाले, आणि पारसनाथ डोंगरावरच्या पर्यटनाच्या तरतुदींना केंद्र सरकारला स्थगिती द्यावी लागली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये नांदणी मठाच्या माधुरीसाठी नांदणीहून कोल्हापूरपर्यंत पदयात्रा निघाली. मी पाय चालले तोवर चालले. सगळ्या जातीधर्मांचे लोक होते, बाया डोळे पुसत होत्या. हत्तीण कुठे असावी या वादात मी इथे शिरत नाही, त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. मी एवढंच बघत होते की या रस्त्यावरून आपण एका मुक्या प्राण्यासाठी कोसच्या कोस चालतो आहोत आणि ज्या पंचगंगेच्या काठाने हा सगळा मुलूख वसला आहे तिच्याकडे बघतही नाही. तिच्यातल्या मुक्या प्राण्यांसाठी याच्या शंभराव्या हिश्श्यानेही माणसं कधी गोळा झाली नाहीत. माधुरीला नाव होतं. माशांना आम्ही नाव ठेवलं नाही.

आता त्या ज्येष्ठ श्रावकांच्या मुद्द्याकडे येते. धर्माचं बोला म्हणाले ना, मग धर्माचंच बोलते.

आपल्याकडे या विषयावर एक ठरलेलं उत्तर असतं, आणि ते शास्त्राचा आधार घेऊन दिलं जातं. हिंसा चार प्रकारची. संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. गृहस्थाला फक्त संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे. स्वयंपाकात होते ती आरंभी, शेती-धंद्यात होते ती उद्योगी, ती गृहस्थाला टळत नाही. म्हणून कारखाना चालवणं, कापड रंगवणं, ऊस पिकवणं यांत दोष काढू नका, असं म्हणतात. इथवर मला मान्य आहे. माझ्या हातातल्या बांगड्या उसाच्या बिलाच्या आहेत, मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू?

पण "टळत नाही" या शब्दांवर जरा थांबा. उद्योगी हिंसा माफ केलेली नाही, ती गृहस्थाला सोडता येत नाही एवढंच म्हटलं आहे. आणि जिथे सोडता येत नाही तिथे यत्नाचार सांगितला आहे, जितकं सांभाळता येईल तितकं सांभाळणं. शेतात नांगर फिरला, जीव गेले, ती उद्योगी हिंसा. कापड रंगवताना पाणी घाण झालं, तीही. पण पाणी शुद्ध करण्याची यंत्रणा बसवलेली आहे, आणि विजेचं बिल वाचावं म्हणून ती रात्री बंद ठेवून पाणी नाल्याकडे वळवलं, ते काय? सगळेच असं करतात असं मी म्हणत नाही. पण हे होतं हे पंचक्रोशीत कुणाला ठाऊक नाही? जो माणूस रात्री दोन वाजता झडप उघडायला सांगतो, त्याला माहीत असतं की सकाळी खाली काय मरणार आहे. टाळता येत होतं, टाळलं नाही, आणि परिणाम माहीत होता. तिला उद्योगी म्हणायचं की संकल्पी, हे मी पंडितांना विचारते. अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

दुसरं. जपाच्या माळेत १०८ मणी का, हे आपण पाठशाळेतल्या मुलांना शिकवतो. समरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काय हे तीन. कृत, कारित, अनुमोदना हे तीन. आणि चार कषाय. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस चोक एकशेआठ. मुलं पटकन गुणाकार करतात. त्यातल्या अनुमोदनेचा अर्थ विचारला तर सांगतात, दुसऱ्याने केलेलं पाप बरं वाटणं. बरोबर. मग ज्याच्या पाण्याने नदी मेली त्याच्या गळ्यात आम्ही हार घालतो, त्याने पहिल्या कलशाचा सवाल धरला की टाळ्या वाजवतो, त्याचं नाव संगमरवरावर कोरतो, ही कशाची अनुमोदना? मी हा प्रश्न कुणा एकाला उद्देशून करत नाही, आणि कुणाचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. पण सवाल धरणाऱ्याला आपण रात्रीभोजन करतोस का विचारतो. तुझं पाणी कुठे जातं, हे विचारायला काय हरकत आहे?

तिसरं. पंधरा कर्मादानं. श्वेतांबरांच्या उपासकदशा आगमात ती सविस्तर आहेत, आणि आपल्याकडे पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतातही खरकर्मं म्हणून त्यांचा उल्लेख येतो. श्रावकाने करू नयेत असे हे धंदे. यादी वाचाल तर अंगावर काटा येईल. जंगल तोडून विकणं. कोळसा पाडणं. जमीन फोडणं. विषाचा व्यापार. यंत्रात पिळून काढणं, ज्याच्या उदाहरणात तीळ येतो आणि ऊसही येतो. वणवा लावणं. तळी, डोह आटवणं. हे कुणी पर्यावरणवाल्याने दिल्लीच्या परिषदेत लिहिलेलं नाही. शेकडो वर्षांपूर्वी आपल्याच आचार्यांनी आणि पंडितांनी गृहस्थासाठी लिहून ठेवलं आहे. कांदा-लसणाचा नियम आम्ही आठवणीत ठेवला, कारण तो सुनेवर घालता येतो. ही यादी विसरलो, कारण ती पुरुषांच्या धंद्यावर येते.

हे वाक्य काही जणांना झोंबेल. झोंबू दे. शुद्धतेचा सगळा भार चुलीपाशी ठेवलेला आहे. पाणी कुणी गाळायचं, तर बाईने. गाळणं छत्तीस अंगुल लांब, चोवीस अंगुल रुंद, दुहेरी हवं, भोक पडलेलं चालणार नाही. गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं, मग पुन्हा गाळा. लवंग घातली तर सहा तास, उकळलं तर चोवीस. घड्याळाकडे बघत बघत आमच्या पिढ्या गेल्या. मी त्याची तक्रार करत नाही. त्या सवयीने हाताला एक जाग येते, आणि ती मला प्रिय आहे. पण त्याच घरातला पुरुष शेतात कीटकनाशक टाकून येतो, पाचट पेटवून येतो, आणि घरी आल्यावर विचारतो, "पाणी गाळलंय न्हवं?"

पाचटाबद्दल सांगते, कारण तिथे बोट माझ्याकडे वळतं. ऊस गेला की फडात पाचट राहतं. काडी लावली की तासाभरात रान मोकळं, खोडवा फुटायला बरं पडतं, मजूर लागत नाहीत. आमच्या घरी पंचवीस वर्षं लावली. मी बांधावरून पाहिलं आहे. आधी धूर, मग बगळे आणि घारी येतात, कारण बिळांतून उंदीर, सरडे, साप बाहेर पळतात आणि त्यांना आयतं मिळतं. जे पळू शकत नाहीत त्यांचं काही दिसत नाही. टिटवीची अंडी एकदा राखेत सापडली. आणि मी त्याच संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जेवून घेतलं, दिव्यावर पतंग येऊन मरू नये म्हणून.

हे मी माझ्या नवऱ्याला म्हणाले. ते म्हणाले, "सगळेच जाळतात." मी म्हणाले, "सगळेच रात्री जेवतात, आपण जेवतो का?" दोन हंगाम अबोला म्हणावा असा वाद चालला. तिसऱ्या हंगामाला त्यांनी पाचटाची कुट्टी करणारं यंत्र भाड्याने आणलं. पाचट रानात कुजलं, तण कमी झालं, पाण्याची एक पाळी वाचली. खर्च वाढला का? पहिल्या वर्षी वाढला. गावातल्या लोकांनी वेड्यात काढलं. आता आमच्या शेजारचे दोघं जाळत नाहीत. बाकीचे जाळतात. आमच्या बस्तीचे विश्वस्तही जाळतात.

"सरकार बघेल" याबद्दलही दोन शब्द. जलप्रदूषण रोखण्याचा कायदा १९७४ चा आहे. माझं लग्न व्हायच्या आधीचा. कायदा, मंडळ, नोटिसा, सगळं आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली, दूषित पाण्यामुळे माणसं दगावली. गरोदर बायकांसाठी ती कावीळ किती वाईट, हे त्या वेळी डॉक्टर कानीकपाळी ओरडून सांगत होते. त्यानंतर नदी सुधारली का? नदी सुधारण्याऐवजी दुसऱ्या नदीचं पाणी आणायचं ठरलं. पंचगंगा काठाशी असून इचलकरंजी त्याआधीच कृष्णेवर गेली होती, मजरेवाडीहून पाणी येत होतं. ते पुरेना म्हणून वारणा, तर दानोळीच्या लोकांनी विरोध केला. मग दूधगंगा, सुळकूड, तर कागलकडचे लोक उभे राहिले. इचलकरंजीच्या बायकांना पाणी मिळायलाच हवं, आठ-आठ दिवस नळ येत नाही म्हणजे काय हे ज्याच्या घरी घागरी भरायच्या असतात त्यालाच कळतं. पण दारातली नदी नासवायची आणि मग शेजाऱ्याच्या नदीवर पाइप टाकायचा, याला पाणीयोजना म्हणत नाहीत. आणि दूधगंगा नासली की पुढे कुठे जायचं आहे?

२०१९ च्या महापुरात नदी आमच्या घरात आली होती. नऊ दिवस. ओसरल्यावर देव्हाऱ्यात वीतभर गाळ होता. त्या गाळाला मातीचा वास नव्हता. रंगाच्या डब्याचा, गटाराचा, कसला तरी उग्र वास. बाभळीच्या फांद्यांवर पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या अडकलेल्या. त्यांतल्या छोट्या बाटल्या मी ओळखल्या. आदल्या महिन्यात बस्तीत विधान झालं होतं, तिथे वाटलेल्याच कंपनीच्या. थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ साली बंदी आली, आमच्या महाप्रसादात त्या त्यानंतरही होत्या. आणि ते बाटलीतलं पाणी किती दिवसांपूर्वीचं, कोणत्या मर्यादेचं, हे विचारायचं नसतं. ४८ मिनिटांचा नियम फक्त स्टीलच्या हंड्याला लागतो, प्लास्टिकला नाही!

घरोघरच्या आरओ मशीनचंही तसंच. एक तांब्या शुद्ध देताना दोन-तीन तांबे मोरीत सोडतं. त्यात काय मरतं, कुठे जातं, जिवाणी कुठली, कुणी विचारत नाही. माझ्याही घरी आहे. नदीकाठी राहून दुसरा इलाज उरलेला नाही, आणि माझा राग त्याचाच आहे. व्रत पाळायची इच्छा असून पाळता येऊ नये, अशी अवस्था आपणच आणली. पाणी इतकं मेलेलं आहे की त्यात वाचवायला जीव नाहीत. मग गाळायचं तरी कशासाठी? हा प्रश्न माझ्या मुलाने मला विचारला तेव्हा मी त्याच्यावर ओरडले. नंतर वाटलं, उगीच ओरडले.

मी त्या दिवशी बस्तीत मागणार होते ते असं. येत्या दशलक्षणात ज्या घरी पाचट जाळलं नाही त्यांच्याकडून संयमाच्या दिवशीचा पहिला कलश व्हावा, त्याचा सवाल होऊ नये. बस्तीच्या जेवणावळीत बाटली बंद, पितळी हंडा आणि गाळणं परत यावं, भांडी घासायला महिला मंडळ आहे आणि पुरुषांचेही हात आहेत. धंद्याचं पाणी नदीत सोडणाऱ्याकडून बस्तीने दान घेऊ नये. शेवटचं वाक्य मी म्हणण्याआधीच मला बसवलं गेलं, आणि आता विचार करते तर कदाचित ते येतंय हे ओळखूनच बसवलं असेल. तेव्हापासून मंडळात मला स्वाध्यायाला बोलावतात, बोलायला देत नाहीत. एक-दोघी पाठीमागे येऊन म्हणतात, "बाई, बोललीस ते बरोबर, पण आमच्या ह्यांचं त्यांच्याकडं येणं-जाणं हाय." मी समजू शकते. आमच्या ह्यांचंही आहे. ऊस तोडीची चिठ्ठी वेळेवर मिळणं कुणाच्या हाती असतं हे मला शिकवायला नको.

एक मुद्दा मात्र मला अजून सुटलेला नाही, तो लपवत नाही. बस्तीची विहीर उपसून गाळ काढायचा असं आम्ही पाच जणींनी ठरवलं, तेव्हा एक काकू म्हणाल्या, "आणि गाळातले जीव? बेडकं, खेकडी, किडे?" खरं आहे त्यांचं. उपसताना हिंसा होणार. माताजींना जाऊन विचारलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, सावकाश करा, पाणी एकदम आटवू नका, बेडकं-खेकडी हाताने काढून शेजारच्या मळ्यातल्या विहिरीत सोडा, जे होईल त्याचं प्रायश्चित्त घ्या, आणि पुन्हा घाण पडणार नाही अशी जाळी बसवा, नाही तर हीच हिंसा पुन्हा कराल. प्रायश्चित्त म्हणून पाच जणींना एकेक उपवास दिला, तोही आधीच.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता सुरुवात करतो आहोत. यारीवाल्याला सांगितलं आहे, तो अर्ध्या दिवसाचेच पैसे घेणार आहे. खोरी, पाट्या आहेत, गमबूट लागतील, दोनच जोड मिळाले आहेत. विश्वस्तांनी परवानगी दिली, पैसे दिले नाहीत. ज्येष्ठ श्रावकांनी निरोप पाठवला की निर्माल्य नेमकं कुठे टाकायचं ते आधी सांगा. खड्डा आम्ही खणला आहे, नारळाच्या झाडापाशी, चार बाय चार.

कळशी चिंचेने घासून ठेवली आहे. बुडाची कडी जरा हलते, ती तांबटाकडून डाग देऊन घ्यायची आहे.